दात घासून घासून झिजतात, ते नेमके कशाने?

घर्षण (नागपूर)

माझी सगळी नोकरी झीज मोजण्यात गेली. कोळशाच्या खाणीतले पंप, चाळण्या, पट्ट्याचे रोलर. कुठला पृष्ठभाग कशाने खरवडला जातो आणि किती दिवस टिकेल, हेच बघायचं काम. त्यामुळे दातांचे डॉक्टर जेव्हा 'ब्रशने दात झिजलेत तुमचे' म्हणतात, तेव्हा मला पटकन पटत नाही.

साधा हिशोब बघा. ब्रशचे केस नायलॉनचे. दातावरचं एनॅमल हा आपल्या शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, कठीणपणा मोजायच्या मोह्स मापावर पाचच्या आसपास. म्हणजे काचेच्या थोडंच खाली. नायलॉन त्या मानाने लोण्यासारखं मऊ. मऊ वस्तू कठीण वस्तूला ओरखडा काढत नाही, हे शाळेत शिकलो आपण. मग झिजवतं कोण?

माझा संशय पेस्टवर आहे. पेस्ट म्हणजे आमच्या भाषेत पॉलिशिंगचं मिश्रणच. पाणी, चिकटपणा, फेस आणि त्यात बारीक कण. खडूची भुकटी किंवा सिलिका. ब्रश फक्त ते कण धरून फिरवतो. दोन पृष्ठभागांच्या मध्ये तिसरा कठीण कण सापडला की झीज होते, यंत्रात काय आणि तोंडात काय.

शोधलं तर कळलं की पेस्टचा खरवडपणा मोजायची रीतसर पद्धत आहे. आरडीए म्हणतात. माणसाच्या काढलेल्या दातांचं डेंटिन (एनॅमलच्या आतला थर) आधी किरणोत्सारी करतात, मग यंत्राने ठराविक वजन ठेवून (150 ग्रॅम) ब्रशचे 1500 फटके मारतात आणि खाली उरलेल्या पाण्यात किरणोत्सारी फॉस्फरस किती आला ते मोजतात. जितका जास्त, तितकं डेंटिन निघालं. एका ठरलेल्या संदर्भ भुकटीला 100 गुण, बाकी सगळ्यांची तुलना तिच्याशी. आंतरराष्ट्रीय मानकात 250 ही वरची मर्यादा. मोजणी इतकी नेटकी आहे की मला हेवा वाटला. आमच्याकडे इंपेलर (पंपाचं फिरतं पातं) काढून वजन करायचो, झालं.

पण आपल्या दुकानातल्या ट्यूबवर हा आकडा छापलेला मी तरी पाहिला नाही. कुणी दंतवैद्य इथे असतील तर सांगा, माझं गणित कुठवर बरोबर आहे.

तर्री_पोहा

काका, तुमी दाताले पंप समजून राहिले का? 😄 मी तं पंधरा सेकंदात ब्रश उरकतो. झिजायले टाइमच नाही भेटत त्यायले.

दाढेचं_दुखणं (नागपूर)

घर्षणकाका, मी दंतवैद्य आहे, इथेच प्रॅक्टिस करते. तुमचा संशय बरोबर आहे, आणि तो शंभर वर्षांपेक्षा जुना आहे. विलोबी मिलर नावाच्या दंतसंशोधकाने 1907 साली हेच प्रयोग छापले होते. काढलेले दात घेतले, नुसत्या पाण्याने ब्रश केले, मग त्या काळच्या दंतमंजनांनी केले. नुसत्या ब्रशने काही विशेष झालं नाही. मंजनाने मात्र दातांना खाचा पडल्या. तेव्हा ब्रश डुकराच्या केसांचे असत, नायलॉनचे 1938 मध्ये आले. केस बदलले, निष्कर्ष तोच राहिला.

पण एक गोष्ट तुमच्या हिशोबात आली नाही. दात म्हणजे एकच पदार्थ नाही. वर एनॅमल, आत डेंटिन, मुळावर सिमेंटमचा पातळ थर. कडकपणात फार फरक आहे. नूप नावाच्या कडकपणाच्या मापावर एनॅमल तीनशेच्या वर, डेंटिन साधारण सत्तरच्या आसपास. जी पेस्ट एनॅमलवर वर्षानुवर्षं जवळपास काहीच करत नाही, तीच डेंटिन उघडं मिळालं की ते खाऊ लागते.

आणि डेंटिन उघडं पडतं कुठे? दाताच्या मानेपाशी. म्हणजे हिरडीला लागून. दाढेच्या टोकावर एनॅमल दोन-अडीच मिलिमीटर जाड असतं, पण मानेकडे येता येता ते पातळ होत सुरीच्या धारेसारखं संपतं. हिरडी थोडी खाली सरकली की मुळाचा भाग उघडा. सिमेंटम तर इतकं पातळ की त्याला उडून जायला वेळ लागत नाही. मग पेस्ट आणि जोरकस आडवा हात यांना मऊ जागा सापडते. तिथे जी व्ही आकाराची खाच पडते, ती घेऊन लोक माझ्याकडे येतात. बोट फिरवलं तर नखाला लागते. थंड पाणी प्यालं की कळ जाते.

तोंडात ती कुठे दिसते, हे बघण्यासारखं आहे. बहुतेक वेळा सुळा आणि त्यामागच्या उपदाढांवर, बाहेरच्या, गालाकडच्या बाजूला. उजव्या हाताने घासणाऱ्यांना डाव्या बाजूला जास्त. कारण उजवा हात तोंडाच्या डाव्या बाजूला ताकदीने पोचतो, आणि बरेच जण सुरुवातही तिथूनच करतात, पेस्ट ताजी आणि घट्ट असताना. पेशंट काही बोलायच्या आधी मी तोंडात बघून विचारते, 'उजव्या हाताने घासता ना?' लोक चमकतात.

सौदामिनी

डॉक्टर, माझ्या यजमानांचा हात फार जड आहे. दर दोन महिन्यांनी त्यांच्या ब्रशचे केस फुलासारखे उमलतात. काल काट्यावरच मोजलं. स्वयंपाकघरात पोहे मोजायचा डिजिटल काटा असतो ना, त्यावर ताटली ठेवून शून्य केलं आणि म्हटलं, 'रोज घासता तसं यावर घासून दाखवा.' आकडा चारशे ते पाचशेच्या मधे नाचत होता. मी केलं तर दोनशेच्या आत. त्यांना अजून पटलं नाही. म्हणतात काटाच चुकीचा आहे.

घर्षण

सौदामिनीताई, हा प्रयोग मला फार आवडला. काटा चुकीचा असेल तर त्यांच्या आकड्याइतकाच तुमचाही आकडा चुकेल, तुलनेला काय अडतं!

साधारणपणे झीज ही दाब गुणिले अंतर या प्रमाणात होते. दाब दुप्पट केला तर झीज साधारण दुप्पट. पण मळ निघणं दुप्पट होत नाही, हे कळीचं आहे. दातावरचा जिवाणूंचा थर मऊ असतो, तो हलक्या दाबाने निघतो. केस वाकले की टोकं बाजूला जातात आणि केसाचा मधला भाग घासायला लागतो. म्हणजे जोर वाया.

दाढेचं_दुखणं

अगदी हेच. यजमानांना एक युक्ती सांगा ताई. ब्रश मुठीत न धरता पेनसारखा तीन बोटांत धरायचा. मुठीतून जसा जोर निघतो तसा पेनच्या पकडीतून निघतच नाही. आणि आडवं रेटण्याऐवजी केस हिरडीच्या रेषेशी पंचेचाळीस अंशांत ठेवून जागेवरच थोडं थरथरवायचं, मग खाली-वर झटकायचं. सुधारित बास पद्धत म्हणतात तिला.

इलेक्ट्रिक ब्रश घेणं जमत असेल तर दाब जास्त झाला की लाल दिवा लागणारा घ्या. मी कंपन्यांची नावं सांगत नाही, पण जड हातवाल्यांना त्याचा खरंच उपयोग होतो. त्यात तर हात चालवायचाच नसतो, नुसता टेकवायचा.

निंबाची_काडी (अमरावती)

माफ करा, पण हे सगळं पेस्ट आल्यापासूनचं आहे. आमच्या आजोबांनी आयुष्यभर निंबाची काडी चावली, आजीने राखुंडी लावली. दोघांचे दात शेवटपर्यंत होते. पेस्टच्या कंपन्यांनी आधी दात झिजवायचे आणि मग झिजलेल्या दातांसाठी महागडी पेस्ट विकायची, असा धंदा आहे.

घर्षण

काडीचं तुमचं बरोबर आहे. काडीत खरवडणारे कण नाहीत, चावून केलेली कुंचली आणि लाळ, बस. झिजायला कारणच नाही.

राखुंडीचं मात्र तसं नाही. गोवरीच्या राखेत सिलिका असते, आणि गोवरी जिथे थापली तिथली माती आणि बारीक वाळू असते. तोही पेस्टसारखाच कठीण कणांचा लेप, फक्त कणांचा आकार कुणी मोजलेला नाही. कारखान्यातल्या पेस्टमधले कण चाळून, ठरवून घेतलेले असतात. राखेतला एखादा मोठा कण किती खोल ओरखडा काढेल, ते त्याच्या नशिबावर. लाल मंजनातली गेरूची भुकटी, विटेची भुकटी, मीठ-कोळसा, हे सगळं याच खात्यात. आता शहरातले पोट्टे 'ॲक्टिव्हेटेड चारकोल' म्हणून तीच राखुंडी पाचपट किमतीत घेतात, हा भाग वेगळा.

एक गंमत सांगतो. खाण्याचा सोडा खरवडणारा असेल असं मला वाटायचं. पण त्याचा आरडीए दहाच्या आतला आहे. कण मऊ आणि पाण्यात विरघळणारे. दिसायला पांढरी भुकटी सगळी सारखीच, वागायला अगदी वेगळी.

दाढेचं_दुखणं

आजोबांचे दात शेवटपर्यंत होते याचं मला आश्चर्य वाटत नाही. त्यांनी दर दोन तासांनी बिस्किट-चहा घेतला नसेल. पण जुन्या लोकांचे दात झिजत नव्हते असं नाही. जात्यावरच्या पिठात दगडाची कच यायची. माझ्याकडे येणाऱ्या खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या दाढा चावणीकडून सपाट झालेल्या असतात, टेकड्याच उरलेल्या नसतात. तो ब्रशचा दोष नाही, भाकरीतल्या कचेचा.

आणि राखुंडीबरोबर मिश्री लावायची सवय असेल तर ते वेगळं प्रकरण. भाजलेला तंबाखू हिरडीला चोळायचा म्हणजे कॅन्सरला आमंत्रण. भारतात मंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला 1992 सालीच बंदी आली. पण घरी भाजून कुटलेल्या मिश्रीला कोण अडवणार? आजही ओपीडीत हिरडीवर तो काळपट पट्टा दिसतो. त्याच्याखाली मानेशी खाच असते आणि बाई म्हणते, 'मिश्री नाही लावली तर पोट साफ होत नाही.'

तर्री_पोहा

आन् खर्रा? खर्र्याचा विषयच नाही निघाला अजून. नागपूरचा धागा अन् खर्रा नाही, असं कसं बाप्पा 😏

दाढेचं_दुखणं

खर्र्याची झीज ब्रशवाल्या झिजेच्या उलटी असते. ती चावणीच्या बाजूला. सुपारीचे तुकडे, तंबाखू, चुना पन्नीत घोटून घोटून गालात भरायचे आणि दिवसभर चावत बसायचं. सुपारी कडक. दाढांची टोकं घासून जातात, डेंटिनचे पिवळे खड्डे दिसायला लागतात, कधी दाढेला उभी चीरच जाते. ज्या बाजूला खर्रा ठेवतात ती बाजू जास्त झिजलेली. बंदी असून काय उपयोग, ठेल्यावर पन्नी हलतेच आहे.

त्यातही खरी भीती झिजेची नाही. तोंड उघडणं कमी होत जातं ना, ते आधी दाखवा. तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर दाढ राहू द्या, मेडिकल चौकाजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात जा. तिथे बघतात.

वरोऱ्याची_सून

माझ्या माहेरी विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड खूप. आम्हा भावंडांच्या दातांवर तपकिरी डाग आहेत. लहानपणी आई म्हणायची नीट घासत नाही म्हणून पिवळे पडले. मी शाळेत असताना विटेची भुकटी लावून घासायची. आता माझ्या दातांना थंड लागतं. डाग तिथेच आहेत.

दाढेचं_दुखणं

ताई, हे चंद्रपूर-यवतमाळकडे फार बघायला मिळतं. ते डाग घाण नाहीत. दात हिरडीच्या आत घडत असताना, साधारण आठ वर्षांच्या आतल्या वयात, पाण्यातून जास्त फ्लोराइड गेलं की एनॅमलच्या रचनेतच फरक पडतो. डाग वरून बसलेला नसतो, आतून आलेला असतो. म्हणून जगातल्या कुठल्याही भुकटीने तो घासून जात नाही. घासायला गेलं तर दात जातो, डाग राहतो.

पाण्यात फ्लोराइड लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर दीडपर्यंत चालवून घेतात. त्याच्या वर असलेल्या विहिरी आपल्याकडे आहेत. माहेरी अजून लहान मुलं असतील तर त्यांचं पाणी तपासून घ्या, दात कसेही घासले तरी तो प्रश्न पाण्याचाच आहे. तुमच्या डागांसाठी आता वरचा बारीक थर काढून किंवा त्यावर लेप देऊन काम करता येतं, पण ते खुर्चीवर. घरी नाही.

'मग फ्लोराइडची पेस्ट लावू का नको' हा पुढचा प्रश्न येईलच. मोठ्या माणसाने लावावी. ती थुंकायची असते, पाणी प्यायचं असतं. लहान मुलं गिळतात, त्यांना तांदळाच्या दाण्याएवढीच. आणि जाहिरातीत ब्रशवर ती लांबलचक लाट दाखवतात ना, ती विक्रीसाठी आहे. मोठ्यालाही वाटाण्याएवढी पुरते.

उन्हाळी_छेचाळीस (नागपूर)

मला एक कळत नाही. मी मऊ ब्रश वापरतो, जोर लावत नाही, खर्रा नाही, सुपारी नाही. तरी दातांचे कडे पारदर्शक झालेत आणि आंबट काय, गार वारा लागला तरी शिरशिरी येते. एप्रिल-मेमध्ये लिंबू सरबत, कैरीचं पन्हं, हिवाळ्यात संत्री. जेवण झाल्यावर लगेच ब्रश करतो, चांगली सवय म्हणून.

दाढेचं_दुखणं

तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांतच उत्तर आहे.

एनॅमल कठीण आहे, पण आम्लापुढे मऊ पडतं. तोंडातलं पीएच (आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं आंबट) साडेपाचच्या खाली गेलं की त्यातलं कॅल्शियम-फॉस्फेट विरघळायला लागतं. संत्र्याच्या रसाचं पीएच साडेतीन ते चारच्या मधलं, लिंबाचं त्याहून बरंच खाली, कोलाचं अडीचच्या जवळ. आपण म्हणतो ना 'दात आंबले', तेव्हा पृष्ठभागाचे काही मायक्रॉन खरोखर मऊ झालेले असतात. काही मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीचाही छोटा अंश. तो थर तसाच राहिला तर लाळेतून पुन्हा थोडा घट्ट होऊ शकतो. पण तेवढ्यात पेस्ट लावून घासलं तर तो निघून जातो. उद्या पुन्हा, परवा पुन्हा. घर्षणकाकांच्या हिशोबात एनॅमल पेस्टपुढे टिकतं, ते कठीण एनॅमल. मऊ पडलेलं नाही टिकत.

आपल्या उन्हाळ्याने यात भर पडते. पंचेचाळीस-सेहेचाळीस डिग्रीत बाहेर फिरून आलात की अंगात पाणी कमी, तोंड कोरडं, लाळ घट्ट. लाळ हाच दाताचा बचाव. तो नसताना तुम्ही लिंबू सरबत घोट घोट करून तासभर पिता. एका दमात पिऊन टाकलं असतं तर एकदा आम्ल आलं असतं. तासभर घोट घेतलात तर तासभर दात आम्लात भिजत राहतात.

उन्हाळी_छेचाळीस

मग सरबत बंद? नागपूरच्या मेमध्ये?

दाढेचं_दुखणं

बंद कशाला. सरबत प्या, प्यायल्यावर साध्या पाण्याची चूळ भरा. जमेल तर स्ट्रॉने प्या आणि तोंडात घोळवू नका. संत्री खा, पण सकाळी चार फोडी, दुपारी चार, टीव्हीसमोर चार, असं करू नका. झोपताना ब्रश करून झाल्यावर संत्रं नको.

आणि मठ्ठा! मठ्ठा-ताकही आंबट असतं, पीएच चार-साडेचारच्या आसपास. पण त्यात कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं असतं की दातातून बाहेर यायला त्यांना कारणच राहत नाही. त्यामुळे ते दात झिजवत नाही. उन्हाळ्यात सरबताच्या ऐवजी जेवढा मठ्ठा जाईल तेवढा बरा. साखर न घालता.

ब्रशची वेळ. 'आंबट खाल्ल्यावर अर्धा तास थांबा' असं आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो. आता ते इतक्या ठामपणे कुणी सांगत नाही, कारण अर्ध्या तासात लाळेने जेवढं भरून येतं ते फार थोडं असतं. मी पेशंटना वेगळं सांगते. सकाळी उठल्याबरोबर, नाश्त्याच्या आधी ब्रश करा. तेव्हा दातावर रात्रीचा जिवाणूंचा थर असतो, तो काढायचाच असतो, आणि दात मऊ झालेले नसतात. मग पोहे खा, तर्री घ्या, संत्र्याचा रस घ्या, चूळ भरा, कामाला जा. दुसरा ब्रश रात्री, जेवणानंतर आंबट काही तोंडात गेलेलं नसताना.

आणखी एक विचारते. रात्री छातीत जळजळतं का? आंबट पाणी घशाशी येतं का? सावजीचं जेवण उशिरा होत असेल तर बघा. पोटातलं आम्ल लिंबापेक्षा कडक. वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजू आरशाने बघायला सांगा कुणाला. ती गुळगुळीत, पातळ, काचेसारखी झाली असेल तर आधी पोटाच्या डॉक्टरकडे जा, मग माझ्यासारख्याकडे.

उन्हाळी_छेचाळीस

जळजळतं. रोज नाही, पण जळजळतं. सांगितलंत ते बरं झालं, याचा दाताशी संबंध असेल असं कुणी बोललं नव्हतं.

घर्षण

आता मला माझ्या विषयातली शंका. मानेपाशी व्ही आकाराची खाच पडते म्हणता. आम्ही अशी खाच बघतो तेव्हा पहिला विचार येतो ताणाचा. वाकणाऱ्या शाफ्टला जिथे आकार बदलतो तिथेच चिरा जातात. दातही चावताना थोडा वाकत असेल. मान म्हणजे आकार बदलायचीच जागा. मग खाच ब्रशने पडली की वाकण्याने?

दाढेचं_दुखणं

काका, तुमच्यासारखाच विचार जॉन ग्रिपो यांनी 1991 मध्ये मांडला, नाव दिलं ॲबफ्रॅक्शन. चावण्याच्या जोराने मानेशी ताण येतो, तिथले एनॅमलचे कण सुटतात, खाच पडते. संगणकावर दाताचं मॉडेल करून जोर लावला की ताण खरंच तिथे गोळा झालेला दिसतो.

अडचण अशी की नुसत्या ताणाने पडलेली खाच खऱ्या तोंडात दाखवणं जमलेलं नाही. ज्या लोकांचे दात आडवे घासले जातात त्यांनाच त्या जास्त असतात. म्हणून आता बहुतेक जण 'एकाच कारणाने नाही' म्हणतात. ताण, आम्ल आणि ब्रश-पेस्ट, तिघं मिळून. कुठल्या पेशंटमध्ये कुणाचा वाटा किती, ते खाचेचा आकार बघून अंदाज करते मी. रुंद, उथळ, बशीसारखी गुळगुळीत असेल तर आम्ल. टोकदार, कोरल्यासारखी, ओरखडे दिसणारी असेल तर हात आणि पेस्ट. रात्री दात खाणाऱ्यांची तिसरी तऱ्हा.

घर्षण

म्हणजे इंपेलरसारखंच. गंज आणि वाळू दोन्ही असतील तर एकट्या गंजाची आणि एकट्या वाळूची झीज मिळवून जेवढी व्हावी त्याहून जास्त होते. गंज पृष्ठभाग सैल करतो, वाळू तो घेऊन जाते, खाली नवा पृष्ठभाग गंजायला मोकळा. आम्ही दोन वेगळ्या चाचण्या करून बेरीज करायचो आणि बेरीज कायम कमी यायची. दातांच्या लोकांनी आम्ल आणि ब्रश एकत्र तपासले असतील तर हेच मिळालं असणार.

दाढेचं_दुखणं

मिळालंय. अगदी हेच मिळालंय.

निंबाची_काडी

ठीक आहे, पेस्टच्या कंपन्यांवरचा माझा राग कायम आहे, पण एक सांगा. मऊ ब्रश म्हणता सगळे. मऊ ब्रशमध्ये पेस्ट जास्त अडकते असं वाचलं. मग मऊच जास्त झिजवणार नाही का?

दाढेचं_दुखणं

चांगलं वाचलंय. प्रयोगशाळेत असं दिसलंय. मऊ केस दाट असतात, पेस्ट धरून ठेवतात, वाकून जास्त जागेला टेकतात. त्यामुळे डेंटिनवर कधीकधी कडक ब्रशइतकीच किंवा थोडी जास्त झीज मिळते. तरी मी मऊच सांगते, कारण कडक केस हिरडीला जखमा करतात. हिरडी सरकली की मूळ उघडं पडतं, आणि मूळ उघडं पडल्यावर कुठलाही ब्रश त्याला खाणारच. हिरडी जागेवर ठेवणं जास्त महत्त्वाचं. पेस्ट कमी घ्या, मऊ ब्रशची ती अडचणही कमी होते.

आणि 'व्हाइटनिंग' लिहिलेल्या पेस्ट. त्यातल्या बहुतेक घासूनच दात पांढरे करतात. ज्यांची मुळं उघडी आहेत त्यांनी त्या टाळाव्यात. एनॅमल घासून पातळ केलं तर आतलं डेंटिन जास्त दिसतं, आणि डेंटिनचा रंग पिवळा. पांढरं करता करता दात पिवळे.

सौदामिनी

डॉक्टर, यजमानांना डावीकडे दोन दातांना खाच आहेच. एका ठिकाणी भरून घेतली होती, वर्षाच्या आत फिलिंग निघालं. परत भरायची का? आणि सेन्सिटिव्हिटीची पेस्ट कितपत खरी?

दाढेचं_दुखणं

खाच उथळ असेल, दुखत नसेल, अन्न अडकत नसेल तर नुसतं लक्ष ठेवायचं. खोल असेल, नस जवळ आली असेल किंवा कळ जात असेल तर भरायची. मानेपाशी फिलिंग टिकायला कठीणच, कारण तिथे एनॅमल कमी, चिकटायला डेंटिन, आणि हिरडीचा ओलावा. पण एक वर्षात निघालं तर मी आधी त्यांचा हात बघेन. हात तोच असेल तर दुसरं फिलिंगही निघेल, नाही तर त्याच्या कडेने नवी खाच पडेल. आधी पेनची पकड, मग फिलिंग.

सेन्सिटिव्हिटीची पेस्ट खरी आहे, पण तिचं काम समजून घ्या. डेंटिनमध्ये अतिसूक्ष्म नळ्या असतात, त्यांतून गार लागतं ते नसेपर्यंत पोचतं. काही पेस्ट पोटॅशियम नायट्रेटने नस शांत करतात, काही स्टॅनस फ्लोराइडसारख्या पदार्थांनी त्या नळ्यांची तोंडं बुजवतात. स्टॅनसवाल्या आम्लाविरुद्धही थोडं संरक्षण देतात. दोन दिवसांत काही होत नाही, दोन-चार आठवडे सलग लागतात. रात्री ब्रश केल्यावर चूळ न भरता नुसतं थुंकायचं, म्हणजे औषध दातावर राहतं. पण कळ थांबली म्हणजे झीज थांबली असं नाही. त्यांना तेच वाटेल आणि पुन्हा चारशे ग्रॅम दाबतील.

गेलेलं एनॅमल परत येत नाही, एवढं त्यांना सांगा. ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येताच संपतात.

तर्री_पोहा

मंग माह्यं पंधरा सेकंदवालं बरं नाही का डॉक्टर मॅडम? झीजच नाही.

दाढेचं_दुखणं

तुमच्या दातांवर झीज नसेल, कीड असेल. किडीचा खड्डा ब्रशच्या खाचेपेक्षा कितीतरी वेगाने वाढतो. दोन मिनिटं, हलका हात. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी जमतात हो.

वरोऱ्याची_सून

डॉक्टर, ब्रश कधी बदलायचा? आमच्याकडे केस झडेपर्यंत चालतो.

दाढेचं_दुखणं

तीन महिन्यांनी. त्याआधीच केस फाकले तर तेव्हाच. सौदामिनीताईंच्या घरी दोन महिन्यांनी.